गरुडाच्या घरट्यातली पत्रे

नोव्हेंबर १९३४च्या ‘विअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकात मिलवॉकी शहरातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचे पत्र छापलेले आहे. कोनन नावाच्या तलवारबहाद्दराच्या कथांचा आपल्याला वीट आला आहे, दर खेपेला त्याच मारामाऱ्या, तेच जादूगार, त्याच सुंदऱ्या. आता संपादकांनी या गड्याला एकदाचा निरोप द्यावा, असा त्याचा आशय. सूर चेष्टेचा आणि काहीसा आगाऊ. पुढच्या अंकांत कोननप्रेमी वाचक या मुलावर तुटून पडले. गंमत अशी की जानेवारी १९३५च्या अंकात त्याच मुलाची कथा त्याच मासिकात आली, आणि काल दुसऱ्यांची उणीदुणी काढणारा आज स्वतः वाचकांच्या तावडीत सापडला. मुलाचे नाव रॉबर्ट ब्लॉक. पुढे १९५९ साली त्याने ‘सायको’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावर हिचकॉकने चित्रपट काढला.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. नोकरी हिशेबाची केली, आणि वाचनाची सवय फोर्टच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांमुळे लागली. तिथे अद्भुतकथांची इंग्रजी पुस्तके किलोच्या भावात मिळत. त्यांच्या प्रस्तावनांतून ‘विअर्ड टेल्स’चे नाव पुन्हापुन्हा यायचे. पुढे या मासिकाच्या जुन्या अंकांची पानेच्या पाने संगणकावर बघायला मिळू लागली, तेव्हा कथा वाचाव्यात म्हणून बसलो आणि पत्रांतच अडकलो. कथा काय, निवडक स्वरूपात कुठेही मिळतात. त्या छापून आल्या त्या महिन्यात लोकांना कशा वाटल्या, हे मात्र फक्त पत्रांतच सापडते.

मासिकाचा पहिला अंक मार्च १९२३चा, शिकागोचा. १९२४ ते १९४० ही वर्षे संपादक होता फार्न्सवर्थ राइट. त्याला कंपवाताचा विकार होता. पुढेपुढे पत्राखाली सही करणेही जमेना. अंकाची किंमत पंचवीस सेंट, म्हणजे मंदीच्या काळात विद्यार्थ्याने किंवा कारकुनाने विचार करून खर्च करावी अशी. वाचकांच्या पत्रांच्या सदराचे नाव होते ‘द आयरी’. उंच कड्यावरच्या गरुडाच्या घरट्याला तो शब्द आहे. राइट या सदरात नुसती पत्रे छापून थांबत नसे. या अंकातली कोणती कथा सर्वांत आवडली ते कळवा, असे आवाहन करी आणि आलेल्या पत्रांवरून कोणती कथा पहिली आली ते पुढे जाहीर करी. आपल्याकडे दिवाळी अंकांना वाचकांची पत्रे येतात, पण पुढचा अंक वर्षाने, तोवर वादातली धग निघून गेलेली असते. तिथे दर महिन्याला ताट वाढले जाई आणि दर महिन्याला जेवणारे चव सांगत.

या मतांवरून आजच्या वाचकाने काही अंदाज बांधायला गेले तर फसायला होते. त्या काळी या मासिकाचा सर्वांत लोकप्रिय लेखक कोण, तर सीबरी क्विन. त्याच्या जूल्स द ग्रँडँ या फ्रेंच गुप्तहेराच्या नव्वदहून अधिक कथा इथे आल्या आणि वाचक त्या मागून घेत. आज हे नाव अभ्यासकांच्या आणि संग्राहकांच्या बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. उलट ज्याच्यावर आज ग्रंथांमागून ग्रंथ निघतात, त्या एच. पी. लव्हक्राफ्टची ‘कॉल ऑफ कथुलू’ राइटने आधी परत पाठवली होती. डोनाल्ड वॉन्ड्राय नावाचा एक तरुण वाचक १९२७ साली लव्हक्राफ्टला भेटायला म्हणून मिळेल त्या वाहनाने प्रॉव्हिडन्सला निघाला. वाटेत शिकागोला तो मासिकाच्या कचेरीत गेला आणि त्याने लव्हक्राफ्टची रदबदली केली. कथा फेब्रुवारी १९२८मध्ये छापून आली. मतांची बेरीज क्विनच्या बाजूने होती, पण कचेरीपर्यंत चालत जाणारा वाचक लव्हक्राफ्टला मिळाला होता. माझ्यातल्या हिशेबनीसाला हे अवघड जाते, पण वाचकांचे मत डोकी मोजून कळत नाही असेच इथे दिसते.

लव्हक्राफ्टला मिळालेला दुसरा वाचक याहून मोठा. जून १९३०च्या अंकात त्याची ‘द रॅट्स इन द वॉल्स’ ही जुनी कथा पुन्हा छापली गेली. कथेच्या शेवटी नायकाचा तोल जातो आणि तो आपल्या पूर्वजांच्या एकेक भाषेत बरळत मागेमागे जातो. त्यात एक ओळ गेलिक भाषेतली आहे. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावी राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्डने ती वाचली. हॉवर्डला केल्ट लोकांच्या इतिहासाचे वेड होते. त्याने राइटला पत्र लिहून कथेची मनापासून स्तुती केली आणि पुढे एक बारकावा काढला: इंग्लंडच्या त्या भागात वेल्श घराण्यातली भाषा अपेक्षित असताना लेखकाने गेलिक वापरली, तेव्हा ब्रिटनमध्ये आधी कोणते केल्ट आले याविषयी लेखक वेगळे मत मानत असावा. राइटने पत्र लव्हक्राफ्टकडे पाठवले. आता खरी गोष्ट अशी की लव्हक्राफ्टला गेलिक येतच नव्हती. ती ओळ त्याने दुसऱ्या एका लेखकाच्या कथेतून उचलली होती, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षात येईल असे त्याला वाटले नव्हते. त्याने हॉवर्डला तसे मोकळेपणाने कळवले. इथून सुरू झालेला पत्रव्यवहार सहा वर्षे चालला. २००९ साली तो दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाला आहे.

कथेतल्या एका ओळीविषयीच्या शंकेतून हे दोघे कुठवर गेले पाहा. लव्हक्राफ्ट हा जुन्या शहरांचा, शिस्तीचा, संस्कृतीचा कैवारी. हॉवर्ड तेलाच्या विहिरींनी उलटापालट झालेल्या मुलखात वाढलेला. सुधारलेल्या समाजाचा ढोंगीपणा त्याने पाहिला होता, म्हणून रानटी माणूस बरा असे त्याचे म्हणणे. संस्कृती की रानटीपणा, बुद्धी मोठी की देह, यावर दोघांची घमासान झाली. कोननची पहिली कथा डिसेंबर १९३२ची, म्हणजे हा वाद चालू असतानाची. कोननच्या कथांत राजवाडे सडलेले असतात आणि डोंगरातून आलेला अडाणी माणूस सरळ असतो. ही नुसती तरुण ब्लॉकला दिसली तशी मारामारी नव्हे. एका मित्राला दिलेले ते उत्तरही आहे. दोघे एकमेकांना कधीही भेटले नाहीत.

आता थोडी हलकी बाजू. नोव्हेंबर १९३३मध्ये सी. एल. मूर या नव्या नावाने ‘शॅम्ब्लो’ ही कथा आली आणि पत्रांचा पाऊस पडला. ती वाचून राइटने त्या दिवशी कचेरीला सुट्टी दिली असे सांगतात. खरेखोटे कोण ठरवणार. मूर ही इंडियानापोलिसच्या एका बँकेत काम करणारी तरुणी होती. मंदीच्या काळात आपली वरकमाई साहेबांना कळून नोकरी जाऊ नये म्हणून तिने पूर्ण नाव न देता आद्याक्षरे वापरली. हेन्री कट्नर या वाचकाने (तोही लिहिणारा) १९३६ साली स्तुतिपत्र पाठवले ते ‘मिस्टर मूर’ यांच्या नावे. १९४० साली दोघांचे लग्न झाले, आणि नंतरची त्यांची बरीच लिखाणे अशी की त्यांतले कुणाचे किती हे सांगता येत नाही. मुखपृष्ठांच्या बाबतीतही असेच झाले. रंगीत खडूंनी काढलेल्या उघड्यावाघड्या स्त्रियांच्या चित्रांवर ‘एम. ब्रंडेज’ अशी सही असे. अंक घरी न्यायची लाज वाटते, चित्राचा कथेशी संबंध नसतो, असे एक गट लिही. दुसरा गट चित्रे हवीतच म्हणे. मग राइटने ‘एम.’ म्हणजे मार्गारेट हे उघड केले. वाद त्यानेही मिटला नाही.

सदरात जागा कमी पडू लागली तसे वाचकांनी स्वतःचे कागद काढले. चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाने सप्टेंबर १९३३मध्ये ‘द फँटसी फॅन’ हे छोटे मासिक सुरू केले. अठरा अंक निघाले आणि फेब्रुवारी १९३५मध्ये बंद पडले. त्यात वाचकांच्या भांडणासाठी ‘उकळबिंदू’ अशा अर्थाचे एक सदर होते. पहिलेच भांडण क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथच्या एका मंगळावरील भयकथेवरून जुंपले: विज्ञानकथांच्या मासिकात असले काही छापावे का? तक्रार करणारा फॉरेस्ट अ‍ॅकरमन तेव्हा विशीतही नव्हता. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. भयकथेच्या इतिहासावरचा लव्हक्राफ्टचा मोठा निबंध सुधारून याच मासिकात क्रमशः येत होता आणि मासिक बंद पडल्याने अर्ध्यावर राहिला. हॉवर्डची एक कथाही राइटने नाकारल्यावर इथे आली. मानधन नाही, वाचक मूठभर. तरी त्यांना तिथे लिहावेसे वाटले, कारण ते मूठभर लोक वाचून उत्तर देणारे होते.

मानधनाचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे. ‘विअर्ड टेल्स’ पैसे देई ते कथा छापून आल्यावर, आणि मंदीत तेही लांबत गेले. मे १९३५मध्ये हॉवर्डने राइटला लिहिलेल्या पत्रात मासिकाकडे आपले आठशेहून अधिक डॉलर थकल्याचे म्हटले आहे. घरी आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली, उपचारांचा खर्च चालू. त्याच वर्षी पत्रांच्या सदरात कोननचा जयजयकार आणि क्वचित निंदा नियमाने छापली जात होती. राइटला मी खलनायक मानत नाही. मासिकच कर्जात होते. पण ती पत्रे वाचताना थकबाकीचा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

११ जून १९३६ रोजी, आई आता शुद्धीवर येणार नाही असे कळल्यावर, हॉवर्डने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय तीस. त्या वेळी कोननची ‘रेड नेल्स’ ही दीर्घकथा क्रमशः चालू होती. पहिला भाग जुलैच्या अंकात आणि शेवटचा ऑक्टोबरच्या. म्हणजे वाचक पुढच्या भागाची वाट पाहत होते, आवडला-नावडला कळवत होते, आणि लिहिणारा उरला नव्हता. पुढच्या अंकांतली पत्रे वाचली की कळते, हे लोक लेखकाला घरचा माणूस समजत होते. लव्हक्राफ्टही मार्च १९३७मध्ये गेला.

ब्लॉकची गोष्ट अर्धी राहिली. मासिकात लव्हक्राफ्ट वाचून त्याने १९३३ सालीच त्याला पत्र घातले होते, आणि लव्हक्राफ्टनेच त्याला लिहायला लावले. सप्टेंबर १९३५मध्ये ब्लॉकची एक कथा छापून आली, तिच्यात लव्हक्राफ्टसारख्या एका माणसाचा भयानक अंत होतो. सदरात एका वाचकाने सुचवले की आता लव्हक्राफ्टनेही परतफेड करावी. त्याने केली: डिसेंबर १९३६च्या ‘द हाँटर ऑफ द डार्क’मध्ये मिलवॉकीचा रॉबर्ट ब्लेक नावाचा लेखक मरतो. छापील कथेवर वाचकाने दिलेले मत पुढच्या कथेचे बीज झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

वाचकांनी केलेली शेवटची मोठी कामगिरी नावाची. या जातीच्या कथांना म्हणायचे काय, असा प्रश्न मायकेल मूरकॉक या तरुण इंग्रज लेखकाने हॉवर्डच्या चाहत्यांच्या ‘आम्रा’ या हौशी पत्रिकेत विचारला. १९६१ साली फ्रिट्झ लायबरने अशाच हौशी पत्रिकांतून उत्तर दिले: ‘सोर्ड अँड सॉर्सरी’, तलवार आणि चेटूक. आज इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात हा शब्द रूढ आहे. तो कुठल्या विद्यापीठातून आलेला नाही.

लव्हक्राफ्टचे मित्र एकमेकांच्या कल्पित देवतांची आणि ग्रंथांची नावे आपापल्या कथांत वापरत. हा वाचकांशी चालवलेला खेळ होता, आणि त्यात फसून काही जण तो कल्पित ग्रंथ कुठे मिळेल असे खरोखर विचारू लागले. त्यांतलेच एक नाव हॅस्टर. १८९१ साली अ‍ॅम्ब्रोज बिअर्सने ते धनगरांच्या सौम्य देवाला दिले, १८९५मध्ये रॉबर्ट चेंबर्सने उचलले. ऑगस्ट १९३१च्या ‘विअर्ड टेल्स’मध्ये लव्हक्राफ्टने ओझरते घेतले आणि त्याचा चाहता व पत्रमित्र ऑगस्ट डर्लेथ याने त्याचे भयंकर दैवत केले. तिथून ते स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ कथेत आले. तिच्यावरून आपल्या नारायण धारपांनी ‘आजी’ लिहिली, आणि २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटातल्या आजीचा भाग त्या कथेवरून सुचला. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, आणि त्यातल्या दैत्याचे नाव हस्तर. कोकणातल्या पावसाने भिजलेल्या त्या वाड्यात हे नाव उच्चारले गेले, तेव्हा चित्रपटगृहात माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हा कुठला देव म्हणून विचारले होते. मध्यंतर झाल्यावर सांगतो म्हटले, आणि मध्यंतरात सांगायला लागलो तर चहा थंड झाला.