तेलाची पिशवी किती दिवस पुरते?

वस्तीत तपासणीला बसलो की वजन, बीपी पाहून झाल्यावर आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "ताई, घरात माणसे किती आणि तेलाची एक लिटरची पिशवी किती दिवस पुरते?" या एका उत्तरात घरातल्यांच्या वजनाचा आणि घरखर्चाचा, दोन्हींचा अंदाज येतो.

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार, ही समजूत आता सोडली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे २४ जणींचे वजन जास्त निघाले. त्याच पाहणीत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होते. वजन जास्त आणि रक्त कमी, असे एकाच बाईत असू शकते. आपल्या वस्त्यांत आम्हाला ते नेहमी दिसते. पोट भरते ते रेशनचा तांदूळ-गहू, चहा-साखर आणि तेलावर. डाळ, अंडी, पालेभाजी कमी पडते. त्यात घरची बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि टाकवत नाही म्हणून उरलेला भात तीच संपवते. पुढे शुगर, बीपी मागे लागले की गोळ्या येतात, कामाचे खाडे होतात आणि मग कर्ज.

यावर उपाय महागडी पावडर नाही. उपाय आहे माप.

संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा खूप जेवायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही. माप ओळखून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते शब्द रोज जेवणाच्या वेळी आठवण म्हणून म्हणायला लावले. हळूहळू राजाचा आहार मापात आला, अंग हलके झाले. यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : बदल हळूहळू करावा, आणि आठवण द्यायला घरातलेच कोणी असावे.

तेलाचे माप असे. माणशी दिवसाला चार ते पाच छोटे चमचे तेल पुरे. म्हणजे चार माणसांच्या घरात एक लिटरची पिशवी निदान दहा दिवस गेली पाहिजे. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका. सहा दिवसांत संपत असेल तर महिन्याला पाच पिशव्या लागतात. दहा दिवस पुरवली तर तीनच. दोन पिशव्यांचे पैसे हातात राहतात. फोडणी चमच्याने मोजून घाला, डब्यातून ओतू नका. तळण आठवड्यातून एकदाच करा.

साखरेचेही तसेच. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे एका माणसाची महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर होते. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय होते.

मुलांच्या पुड्यांचा हिशोब मांडा. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांची पुडी म्हणजे महिन्याला ६०० रुपये. अंडे सात रुपयांना धरले तर तेवढ्यात ८५ अंडी येतात. शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकीही पुडीपेक्षा अंगाला लागते. भाजीसाठी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आहे. बाजार उठायच्या वेळी मेथी-शेपूचा भाव उतरतो. पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळाली तर भाकरीत घ्या. आणि बाईचे ताट सगळ्यांबरोबरच वाढा; त्यात डाळ आणि भाजी आधी, भात नंतर.

पोटाचा घेर मोजायला शिवणकामाची टेप चालते. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर शुगर-बीपी तपासून घ्या. महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. शिलाई, रिक्षा, वॉचमनकी अशी बैठी कामे करणाऱ्यांनी रोज अर्धा तास भरभर चालावे. ओझी उचलून दमलेल्या माणसाला मात्र चालण्यापेक्षा नीट जेवण आणि झोप जास्त लागते.

उपाशी राहून वजन उतरवू नका. गरोदर बायका आणि मुले यांच्यावर तर असा प्रयोग मुळीच नको. वर्षावासात अष्टशील पाळून रात्रीचे जेवण सोडणाऱ्या कोणा उपासक-उपासिकेला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. शुगर एकदम उतरली तर जिवावर बेतते.

आता वाचलेल्या पैशाचे. तो वेगळा ठेवला नाही तर कुठे जातो ते कळत नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून चीवर आणि किरकोळ खर्च भागवायचा, असे त्यात कोरले आहे. सिगालोवाद सुत्तातही मिळकतीचा चौथा हिस्सा अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. रोजंदारीच्या घरात चौथा हिस्सा निघत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून सुरुवात तेलाच्या दोन पिशव्यांपासून करा. ते पैसे त्याच दिवशी बचत गटात किंवा पोस्टात टाका, आणि दवाखान्याशिवाय त्यांना हात लावू नका.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की चार घरांनी आपापल्या पिशवीची तारीख एकमेकींना सांगावी. मापाची आठवण द्यायला आपल्याकडे सुदस्सन नसला तरी शेजारीण आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.