ओल दिसते तिथे दोष असतोच असं नाही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की कार्यावरून कारण ओळखताना आपण चुकतो कुठे? त्याचं उत्तर आज आपण पुस्तकातून न घेता आमच्या गाडीच्या बॉनेटखालून घेऊ या.

आमच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर. निवृत्तीनंतर तो कार्बोरेटर आम्ही स्वतः उघडला, धुतला आणि किटमधले नवे भाग घालून पुन्हा जोडला. गाडी लगेच सुरू झाली. नातू शेजारी बसलेला. निघणार, तोच सूनबाई म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." आम्ही म्हणालो, "पॅकिंग नवं आहे, बसेल हळूहळू." आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचं हे वाक्य, बरं का! तिने नातवाला उतरवून घेतलं. तिचंच बरोबर होतं. तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत असेल तर ती गाडी एक फूटसुद्धा चालवायची नसते.

तेव्हा पहिला नियम: इंजिन बंद, पूर्ण थंड होऊ द्यायचं, बॅटरीची वायर काढायची, गाडी मोकळ्या हवेत आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी.

मग कार्बोरेटर फडक्याने कोरडा केला आणि पहिली ओल कुठे येते ते पाहिलं. ती आली वरचं झाकण आणि खालची वाटी यांच्या सांध्यावर. आम्ही लगेच ठरवलं, पॅकिंग खराब. नवं घातलं, स्क्रू आवळले. गळती तशीच. वर झाकण वाकण्याचा धोका. जास्त आवळलं की ते वाकतं, हे लक्षात ठेवा.

आता विचार करा. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी या सांध्याच्या खाली असते. पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो, तो नीडल व्हॉल्व्ह बंद करतो, पेट्रोल थांबतं. म्हणजे पेट्रोल सांध्यापर्यंत पोचलं, याचा अर्थ पातळीच चढली आहे. पॅकिंग बिचारं फक्त बातमी सांगत होतं. न्यायशास्त्रातल्या उदाहरणात धूर आणि अग्नी एकाच पर्वतावर असतात; पेट्रोल मात्र वाहतं. चिन्ह एका जागी, कारण दुसरीकडे.

पातळी का चढते? एक, फ्लोटला भोक पडून तो जड झाला. दोन, नीडल नीट बसत नाही किंवा तिथे कचरा आहे. तीन, व्हॉल्व्हची उंची चुकली. आम्ही एकेक तपासलं. फ्लोट कानाशी हलवला, आत पेट्रोलचा आवाज नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत. झाकण बाहेर काढून, पुसून कोरडं केलं, नीडल बोटाने दाबून धरली आणि पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ पाईप लावून फुंकलं. हवा जात होती! पण नीडलमधून नव्हे, व्हॉल्व्हच्या आट्यांच्या कडेने.

व्हॉल्व्ह उघडला, तर त्याखालचा छोटा वायसर नाहीच. तो किटच्या पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटून राहिला होता. वायसर नसला की दोन गोष्टी होतात: आट्यांतून पेट्रोल वाटीत उतरतं, आणि व्हॉल्व्ह वर सरकल्यामुळे फ्लोट उशिरा बंद करतो. चूक एक, परिणाम दोन. जुन्या वायसरइतक्याच जाडीचा वायसर बसवला. पातळ घातला तर पातळी पुन्हा चढते.

शेवटी डिपस्टिक हुंगली. ऑईलला पेट्रोलचा वास होता, कारण जादा पेट्रोल इंजिनातही उतरलं होतं. ऑईल बदललं, गाडी सुरू केली आणि वीस मिनिटं फक्त बघत उभे राहिलो. सांधा कोरडा.

यात तर्कशास्त्र कुठलं? आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो, म्हणून कारण सापडलं. १८४३ साली जॉन स्टुअर्ट मिल यांनी अशाच पद्धती मांडल्या. त्यांच्याकडे आपण पुढच्या वेळी वळू. पण त्याआधी एक लक्षात ठेवा: संशय घेताना आपण नव्या भागांना आणि स्वतःच्या हातांना सूट देतो. आम्ही दोघांनाही दिली होती. आता नातू पुन्हा शेजारी बसतो, पण आधी सूनबाई बॉनेटखाली डोकावते.