कमांडवर हात बसवणारी घरची लॅब

नेटवर्किंगमध्ये शिरू पाहणारी बरीच मुलं सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेपासून सुरुवात करतात. दोन तासांच्या या परीक्षेत सबनेटिंग, व्हीलॅन, ओएसपीएफ असं बरंच काही असतं. घोकंपट्टी करून त्यातलं पुष्कळ डोक्यात शिरतं, पण कमांडवर हात बसत नाही. त्यासाठी लॅब हवी, आणि ती घरीही मांडता येते.

पहिली लॅब फुकटातच करावी. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात खऱ्या उपकरणाची नक्कल असल्यामुळे सगळ्या कमांड चालत नाहीत. सीसीएनएच्या सरावाला मात्र ते पुरतं. पुढच्या टप्प्यावर जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी घ्यावं. यांत राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालतं, म्हणून १६ जीबी रॅम असलेली बरी. सिस्कोच्या आयओएसला परवाना लागतो. तो नसेल तर एफआरआर हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून ओएसपीएफ आणि बीजीपी शिकता येतं.

खरी उपकरणं हाताळायची असतील, तर कॅटलिस्ट २९६० मालिकेतले दोन जुने स्विच आणि एखादा राउटर पुरे. सोबत यूएसबी कन्सोल केबल घ्या आणि पुट्टीमध्ये वेग ९६०० ठेवा. जुन्या स्विचमध्ये आधीच्या मालकाची सेटिंग असू शकते. नुसतं कॉन्फिगरेशन पुसून भागत नाही. व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलमध्ये असते, तीही काढावी लागते. पंख्यांचा आवाज मोठा असतो, तेव्हा झोपायच्या खोलीत हा संसार मांडू नका.

आता एक प्रयोग. दोन्ही स्विच दोन केबलनी जोडा. थोड्या वेळाने एका पोर्टचा दिवा नारिंगीच राहिलेला दिसेल. इथे स्पॅनिंग ट्री काम करतोय. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. दोन्ही वाटा खुल्या राहिल्या तर ब्रॉडकास्ट गोल फिरत राहून नेटवर्क ठप्प होतं. म्हणून एक वाट बंद ठेवायची, ही रेडिया पर्लमन यांची १९८५ मधली युक्ती. दोन स्विचवरच्या दोन संगणकांमध्ये पिंग सुरू ठेवा आणि चालू केबल उपटा. जुन्या पद्धतीत पिंग साधारण ३० सेकंद अडतं: १५ ऐकण्याचे, १५ शिकण्याचे. मग रॅपिड स्पॅनिंग ट्री लावून तेच करा. खंड जेमतेम जाणवेल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पाठ करावा लागत नाही.

लॅबचा खरा उपयोग चालू जोडणी मुद्दाम बिघडवण्यात आहे. ओएसपीएफ चालू असलेल्या दोन राउटरपैकी एकाचा हॅलो टायमर १० वरून १५ सेकंद करा. केबल ठीक, थेट पिंगही जातं. तरी काही वेळात शेजारी दिसेनासा होतो आणि त्याच्याकडून शिकलेले मार्ग गायब होतात. कारण कुठे शोधायचं, कोणती शो कमांड आधी द्यायची, हे इथेच कळतं. मित्राला असाच एक बिघाड गुपचूप करायला सांगा आणि तुम्ही शोधा. काय तपासलं, कोणत्या क्रमाने, ते वहीत लिहा. नोकरीत रोज हेच करायचं असतं, त्यामुळे मुलाखतीला जाताना ही वही आधी चाळा.