मालवाहू गाडीच्या हवा-तापमान सेन्सरची जागा बदलावी का?



आंब्याच्या हंगामात मालाने भरलेल्या पिकअप व ट्रक वाशीच्या बाजार समितीकडे निघतात आणि करावे-नेरूळ परिसराजवळ शीव-पनवेल महामार्गावर भर उन्हात रांगेत अडकतात. इंजिन तापते, पुन्हा निघताना ओढ कमी पडते. अशा वेळी 'हवेचा सेन्सर थंड जागी बसवा' असा सल्ला काही गॅरेजमध्ये मिळतो. तो मानण्यापूर्वी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

सेन्सरचे कार्य

हवा तापली की विरळ होते. दाब तोच असताना तापमान ३० वरून ६० अंश सेल्सिअसवर गेल्यास तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के हवा कमी मावते. म्हणून नियंत्रक (ईसीएम) हा सेन्सर व दाबाचा सेन्सर यांवरून हवेचा अंदाज घेतो व त्याप्रमाणे इंधन सोडतो. तापमान वाढले की सेन्सरचा विद्युतरोध घटतो. अनेक सेन्सरमध्ये तो २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांत हा सेन्सर नसतो.

जागा महत्त्वाची का?

वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात, कारण उन्हाचे नव्हे तर हवेचे तापमान मोजायचे असते. येथेही तेच तत्त्व आहे. गाडी उभी असताना तापलेल्या धातूमुळे सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवू शकतो. परंतु टर्बो डिझेल गाडीत तो टर्बोच्या आधी नेल्यास उलट चूक होते. आत ६० अंशांची हवा जात असता सेन्सर ३५ अंश दाखवेल. नियंत्रक ७ ते ८ टक्के जास्त हवा धरेल आणि डिझेल जादा पडून काळा धूर होईल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराची जाळीही लवकर भरेल. सेन्सर हलवल्याने हवा थंड होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रथम काय तपासावे?

१) रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्कॅनर लावावा. हवेचे व पाण्याचे तापमान जवळपास सारखे असावे.
२) एअर फिल्टर व इंटरकूलरच्या जाळीतील धूळ काढावी.
३) होजपाइप फाटला किंवा क्लिप सैल आहे का, ते पाहावे.
४) सेन्सरवर काजळी असल्यास इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा, तारेच्या ब्रशने घासू नये.

बदल करायचाच झाल्यास

टर्बो नसलेल्या पेट्रोल वा सीएनजी गाडीतच, सेन्सर वेगळा असल्यास, विचार करावा. गाडी वॉरंटीत असल्यास कंपनीच्या सेवा केंद्राला आधी विचारावे. सेन्सर फिल्टरनंतरच्या रबरी किंवा प्लास्टिक नळीत, टोक हवेच्या प्रवाहात येईल असा बसवावा. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी, वाढीव तारेचे जोड डाग देऊन झाकावेत. जुने छिद्र हवाबंद करावे. फट राहिल्यास न गाळलेली धूळ आत जाऊन इंजिन झिजते. काम झाल्यावर इंजिनातून खडखड आवाज आल्यास सेन्सर लगेच मूळ जागी बसवावा.

बहुतेक वेळा दोष जागेचा नसून धुळीचा किंवा गळतीचा असतो. हंगामापूर्वीच तपासणी केल्यास माल वेळेवर पोचेल व डिझेलचा खर्चही वाचेल.