ऐकून लिहिताना – १४ : दोन खुणा

एक्सेलचे रकाने ऐकून कसे निवडायचे, ते या आठवड्यात सांगतो म्हणालो होतो. ते आज होणार नाही. नारायणगावहून एक प्रश्न आला आणि चार दिवस डोक्यातून गेला नाही.

प्रश्न विचारणारा मुलगा बी.ए.ला आहे, जन्मापासून दिसत नाही. घरची टोमॅटोची शेती. रोज संध्याकाळी बाजारभावांचा लांबलचक मजकूर त्याच्या लॅपटॉपवर येतो. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, सगळं एकापाठोपाठ. त्यातल्या टोमॅटोच्या दोन-तीन ओळी तेवढ्या उचलून त्याला चुलत्यांना पाठवायच्या असतात. शिफ्ट धरून तो बाण मारत जातो. मध्येच शिफ्टवरचं बोट उचललं जातं, पुढचा बाण पडतो आणि केलेली निवड जाते. पुन्हा पहिल्यापासून. घाईत कोथिंबिरीच्या जुडीचा भाव टोमॅटोच्या कॅरेटला लागून जातो, आणि चुलते त्या भावावर माल काढायचा की नाही ते ठरवतात. मी पूर्वी सांगितलेली एफ-नाइन, एफ-टेनची युक्ती त्याने करून पाहिली. पण त्याच्या लॅपटॉपवर त्या कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करतात. एफ-नाइन म्हणून चालवायच्या तर एफएनची कळही धरावी लागते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या साधनाची, कळ, एफएन आणि वर एफ-नाइन. एवढी बोटं एका वेळी आणायची कुठून, असं त्याने विचारलं आहे.

प्रश्न अगदी रास्त आहे. डोळस माणूस मजकूर निवडतो तेव्हा सुरुवात कुठे केली ते त्याला लक्षात ठेवावं लागत नाही. निळा पट्टा समोर असतो. आपल्याला तो पट्टा नाही. सुरुवात डोक्यात धरायची, शेवट कानाने शोधायचा आणि एवढा वेळ एका बोटाने शिफ्ट दाबून ठेवायची. बोट दमतं, लक्ष उडतं. म्हणून माझं बरीच वर्षं एकच म्हणणं आहे : निवड बोटाच्या जोरावर ठेवू नका, खुणांवर ठेवा. सुरुवातीला एक खूण करा आणि हात मोकळा करा. मग निवांत ऐकत पुढे जा. हवी ती जागा आली की दुसरी खूण करा. मधे चहा पिऊन आलात तरी पहिली खूण जागेवर असते.

ही कल्पना काही स्क्रीन रीडरवाल्यांनी शोधलेली नाही. ईमॅक्स नावाचं लिखाणाचं जुनं साधन आहे, १९७६ पासूनचं. त्यात कंट्रोल-स्पेस दाबली की खूण पडते, कर्सर जाईल तिथपर्यंतचा मजकूर निवडला जातो. आणि या ईमॅक्सला वाचा दिली ती आपल्या पुण्यात वाढलेल्या माणसाने. टी. व्ही. रामन. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित केलं, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथला त्यांचा १९९४ चा प्रबंध गणिताची समीकरणं ऐकून कशी समजतील यावर आहे. त्यासाठी बनवलेल्या प्रणालीला त्यांनी आपल्या मार्गदर्शक कुत्र्याचं नाव दिलं, ॲस्टर. त्या प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या उत्तम प्रबंधाचा एसीएम या संघटनेचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी ईमॅक्सला बोलतं करणारं ईमॅक्सपीक सर्वांसाठी खुलं केलं.

रामन यांच्यावर स्वतंत्र लेखांक लिहायचा आहे. आज त्यांच्या साधनातली एकच गोष्ट सांगतो. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स दोनदा दाबलं की कर्सर आणि खूण जागा बदलतात. आत्ता शेवटाला असाल तर क्षणात सुरुवातीला, पुन्हा दाबा की शेवटाला. न बघणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. निवडलेल्याची दोन्ही टोकं ऐकता आली म्हणजे मधल्याबद्दल धाकधूक राहत नाही.

एनव्हीडीएमध्येही हे जवळपास असंच आहे. एनव्हीडीए आणि एफ-नाइनने सुरुवातीची खूण. एनव्हीडीए आणि एफ-टेन एकदा दाबलं की तिथपर्यंतचा मजकूर सिलेक्ट, लागोपाठ दोनदा दाबलं की थेट कॉपी. एनव्हीडीए, शिफ्ट आणि एफ-नाइनने वाचनाचा कर्सर पुन्हा पहिल्या खुणेवर. कळा बोटांना जमत नसतील तर त्या बदलायच्या. बदलता येतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. कंपनीने जिथे ठेवलं तिथेच वाकून काम करत राहतात.

आता हात कीबोर्डवर ठेवा.

एनव्हीडीए आणि एन दाबा, मेनू उघडेल. प्रेफरन्सेसमध्ये इनपुट जेश्चर्स आहे, त्यावर एंटर. कर्सर आधी आज्ञांच्या यादीत असतो, शिफ्ट-टॅबने मागे शोधाच्या चौकटीत या. तिथे इंग्रजीत ‘मार्क’ एवढंच लिहा, म्हणजे शेकडो आज्ञांतून मोजक्या उरतील. टॅबने खाली यादीत या. टेक्स्ट रिव्ह्यू या गटात सुरुवातीची खूण करण्याची आज्ञा सापडेल. तिच्यावर थांबा, टॅबने ॲड बटणावर जा, एंटर करा आणि हवी ती नवी जोडी दाबा. ही जोडी फक्त लॅपटॉपच्या मांडणीसाठी की सगळ्या मांडण्यांसाठी, असं विचारलं जाईल. सगळ्या निवडा. शेवटच्या खुणेची आज्ञाही तशीच शोधून तिला दुसरी जोडी द्या. मग ओके. ओके न करता एस्केप दाबलं तर केलेलं सगळं जातं, हे माझ्याकडे शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत एकदा झालेलं आहे.

कोणती कळ द्यायची? मी स्वतः ‘जे’ वापरतो. कारण साधं आहे. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, बोट आपसूक तिथे जातं. एफ घेता येत नाही, एनव्हीडीए आणि एफ ही जोडी अक्षराचा ठसा, आकार सांगण्यासाठी आधीच गुंतलेली आहे. म्हणून एनव्हीडीए आणि जे म्हणजे सुरुवात. त्यालाच शिफ्ट जोडली की शेवट. एनव्हीडीएची कळ म्हणून मी कॅप्स लॉक ठेवली आहे. ती डाव्या करंगळीखाली येते, शिफ्ट उजव्या करंगळीने आणि जे उजव्या तर्जनीने. दोन्ही हात आपल्या जागेवरून हलत नाहीत.

तुमच्या बोटांना दुसरी कळ बरी वाटत असेल तर ती घ्या, पण तीन पथ्यं पाळा. एक, ती जोडी मोकळी आहे का ते आधी ऐका. एनव्हीडीए आणि १ दाबलं की मदतीची अवस्था चालू होते, मग जोडी दाबा. काम सांगितलं तर ती गुंतलेली आहे. दोन, कंट्रोल आणि ऑल्टची जोडगोळी टाळा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्टच, आणि तिथे काही अक्षरं बसलेली आहेत. तीन, नुसतं एक अक्षर कधीच देऊ नका, नाहीतर ते अक्षर लिहिता येणार नाही.

नव्या कळा मिळाल्या तरी एक जागा अडखळायची आहे, ती आत्ताच सांगतो. शिफ्टने निवडताना कर्सर दोन अक्षरांच्या मधे असतो, म्हणून शेवटच्या अक्षराच्या पलीकडे जाऊन थांबावं लागतं. खुणांच्या पद्धतीत ज्या अक्षरावर थांबलात ते अक्षरही निवडीत येतं. म्हणजे ‘टोमॅटो’ हवं असेल तर शेवटच्या ‘टो’वर थांबायचं, त्याच्या पुढे नाही. जुन्या सवयीने पुढे गेलात तर एक मोकळी जागा जास्त येते. नारायणगावच्या मित्राने हे एवढं पाळलं तर कोथिंबीर कोथिंबिरीच्या जागी राहील.

घोडेगावच्या एका वाचक ताईंचा प्रश्नही याच्या शेजारचाच आहे. शब्दाच्या मधल्या अक्षराचा काना तेवढा निवडून पुसता येत नाही, सगळं अक्षरच निवडलं जातं, असं त्या लिहितात. ताई, तुमचं काही चुकत नाही. ‘लेण्याद्री’ हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात तो दहा तुकड्यांचा आहे : ल, मात्रा, ण, हलन्त, य, काना, द, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पण उजवा बाण तीनदाच मारावा लागतो : ले, ण्या, द्री. शिफ्टची निवडही याच तीन पावलांनी चालते, म्हणून काना एकटा हाती लागत नाही. मात्र शब्दाच्या शेवटी उभं राहून बॅकस्पेस मारलं तर साधारणपणे एकेक तुकडा जातो, आधी वेलांटी, मग र, मग हलन्त. डिलीटची कळ मात्र अख्खं अक्षर नेते. तेव्हा काना काढायचा असेल तर त्या अक्षराच्या लगेच पुढे या आणि बॅकस्पेस एकदा. निवडायची गरजच नाही. ‘आंबेगाव’ घेऊन करून पाहा. चार पावलं, सात तुकडे.

इनस्क्रिप्टवाल्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. आपली ‘जे’ ही ‘र’ची कळ आहे आणि शिफ्ट-जे हा ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला ऱ. म्हणजे घाटातल्या दऱ्यांबद्दल लिहिणाऱ्याचं बोट ‘जे’वर वारंवार जाणारच. एनव्हीडीएची कळ सोबत असल्याशिवाय आपली खूण पडत नाही, त्यामुळे लिखाणात तिचा अडथळा होत नाही.

ज्यांच्या लॅपटॉपवर होम आणि एंडच्या वेगळ्या कळा नाहीत, त्यांनी इनपुट जेश्चर्सच्याच खिडकीतला एम्युलेटेड सिस्टीम कीबोर्ड कीज हा गट पाहावा. आपण दिलेली जोडी दाबली की संगणकाला शिफ्ट-एंड दाबल्यासारखं वाटेल, अशी सोय तिथे करता येते. ओळीच्या शेवटापर्यंतची निवड एका दाबात होते. वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी एफ-एटही विसरू नये. पहिल्या दाबाला निवड चालू, दुसऱ्याला शब्द, तिसऱ्याला वाक्य, चौथ्याला परिच्छेद, पाचव्याला सगळा मजकूर. एस्केपने ती थांबते.

कळा बदलल्या की त्या फक्त त्या संगणकावर राहतात, असंही नाही. हे सगळं एनव्हीडीएच्या सेटिंगच्या फोल्डरात जेश्चर्स डॉट आयएनआय नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये साठतं. टूल्समधून पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर करून घेताना आपली सेटिंग्ज सोबत घेतलीत, तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा दुसऱ्याच्या दुकानातल्या संगणकावरही तुमची ‘जे’ तुमचीच राहते. परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींनी हे या आठवड्यातच करून घ्यावं. परक्या संगणकावर पहिली दहा मिनिटं कळा शोधण्यात जाणं हे आपल्याला परवडत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच कळेने बदलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रात्री मी चार पानांचा अर्ज लिहून संपवला, पुन्हा ऐकावा म्हणून सगळा निवडला, आणि निवड तशीच ठेवून चुकून स्पेस दाबली. सगळा अर्ज गेला. नोटपॅडने काही सांगितलं नाही, कारण त्याच्या दृष्टीने मी चार पानांच्या जागी एक मोकळी जागा लिहिली होती. कंट्रोल-झेडने तो परत आला, पण ती मधली काही सेकंदं मला अजून आठवतात. तेव्हापासून मी निवडलेलं ऐकल्याशिवाय त्याला हात लावत नाही. लॅपटॉपच्या मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस, डेस्कटॉपच्या मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि वरचा बाण. निवडलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं जातं. कॉपी करण्याआधी, पुसण्याआधी, पाठवण्याआधी हे एकदा दाबा. दोन सेकंद लागतात.

एक्सेलचे रकाने पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपल्या दोन खुणा ठरवा, जेश्चर्सच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि कुठली कळ घेतलीत ते मला कळवा.