रुईतून निघालेला आकडा

दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागतात. व्यापारी गाडीत हात खुपसतो, चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी बघतो आणि भाव बोलतो. हा कापूस एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने विकला जाई. वर्धा जिल्ह्यातल्या चौकाचौकात चिठ्ठीवर लिहिला जाणारा सट्ट्याचा आकडा या कापसाचाच भाऊबंद आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पूर्वी न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे भाव तारेने मुंबईत येत. बाजार उघडताना काय भाव निघेल आणि बंद होताना काय, यावर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. पुढे ते भाव येणे थांबले. खेळणाऱ्यांनी कापूस सोडला, आकडा ठेवला. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते. मुंबईची वरळी आमच्याकडे येईस्तोवर ‘वरली’ झाली. पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांतही ‘वरली मटका’च असतो.

खेळ सोपा. तीन पत्ते निघाले ३, ६, ९. बेरीज १८, म्हणून ओपन ८. क्लोजला १, ३, ७ निघाले तर बेरीज ११, आकडा १. जोडी झाली ८१. एका आकड्याला रुपयाला साधारण ९, जोडीला ९०.

आता मालकाच्या बाजूने बघा. शून्य ते नऊ, दहाही आकड्यांवर शंभर-शंभर रुपये आले. जमा १०००, वाटप ९००. कुठलाही आकडा येवो, शंभर रुपये घरात. त्यातूनच चिठ्ठी लिहिणाऱ्याचे कमिशन. नशिबाशी मालकाचे काही घेणेदेणे नाही. अडचण येते ती सगळे एकाच आकड्यावर तुटून पडतात तेव्हा. कोणाला स्वप्नात सात दिसला, गावभर बोभाटा झाला, की सातावरचा भार तो आपल्यापेक्षा मोठ्याकडे सरकवतो. कमी पैसा असलेला आकडाच मुद्दाम काढतात, ही खेळणाऱ्यांची जुनी शंका आहे. पण नुसत्या गणितावरही धंदा चालतो.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोचे गणितही हेच, फक्त दर नरम. एका शून्याच्या रूलेटवर ३७ घरे. एका घरावर लावलेला रुपया जिंकला तर स्वतःच्या रुपयासकट ३६ मिळतात. म्हणजे कॅसिनोचा वाटा पावणेतीन टक्क्यांच्या आतच, मटक्यात दहा. पण चाक मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा फिरते. हातात आलेले सगळे पुन्हा लावत राहिले, तर हजाराचे दहा डावांत चाकावर सरासरी ७६० उरतात, मटक्यात ३४९. दारू फुकट पाजणे कॅसिनोला उगाच परवडत नाही. (वर्ध्यात तीही सोय नाही, १९७५ पासून दारूबंदी आहे. कागदावर.)

महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मटक्यावर कारवाई होते ती १८८७च्या जुगारबंदी कायद्याने.

चिठ्ठीची जागा आता मोबाइलने घेतली आहे. न्यूयॉर्कचा कापसाचा वायदाही हिंगणघाटात त्याच मोबाइलवर दिसतो. मटक्याला त्याची गरज उरलेली नाही.