शब्दखुणा : लेखांक नववा
कोरलेल्या देहाला काय म्हणायचे?

उर्से टोलनाक्याच्या आसपास राहणाऱ्याला बेडसे, भाजे आणि कार्ले ही तिन्ही लेणी आपली वाटतात. रविवारी पोरे कॅमेरा घेऊन जातात आणि संध्याकाळी छायाचित्रे कलेच्या संकेतस्थळांवर चढवतात. छायाचित्राखाली एक रिकामी चौकट असते. तिथे टॅग, म्हणजे शब्दखुणा, लिहायच्या असतात. घाईत काहीतरी टाकले जाते आणि पुढे ते चित्र त्याच शब्दांनी जगाला सापडते, किंवा सापडत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची युगुले घ्या. पुरुषाचे भरदार खांदे, डोक्यावर पागोटे. शेजारच्या स्त्रीच्या पायांत जाड वाळे, कानांत जड कुंडले, रुंद कमरेवर मेखला. कमरेच्या वर वस्त्र नाही. या स्त्रीला ‘नग्न’ हा टॅग सर्रास चिकटवला जातो, आणि तो चुकीचा आहे. तिच्या अंगावर कटिवस्त्र आहे, दागिने आहेत आणि त्या काळच्या शिल्पांत स्त्री अशीच घडवत. शिवाय या शब्दाचा परिणाम लगेच होतो. ‘नग्न’ म्हटले की अनेक संकेतस्थळांची चाळणी चित्र झाकून टाकते. ऑस्ट्रियात 1908 मध्ये सापडलेल्या, जेमतेम अकरा सेंटिमीटर उंचीच्या विलेनडॉर्फच्या मूर्तीचे छायाचित्र फेसबुकने असेच काढून टाकले होते. 2018 मध्ये त्यांना माफी मागावी लागली. कार्ल्यासाठी मी ‘मिथुन युगुल’, ‘मेखला’, ‘कमरेच्या वर वस्त्र नाही’, ‘कार्ले चैत्यगृह’ असे लिहीन. ही माणसे दान देणारी दांपत्ये की शुभचिन्ह म्हणून कोरलेली मिथुने, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मग दोन्ही टॅग द्यावेत, त्यात काही बिघडत नाही.

भाज्याच्या विहारात हा पेच आणखी अवघड होतो. रथातून जाणारा सूर्य सगळ्यांना ठाऊक असतो. त्या रथाखाली मात्र अवाढव्य, फुगीर अंगाच्या आकृती तरंगत आहेत. ‘राक्षसी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ते शिल्प सूर्याचे नसून मांधाता राजाच्या कथेचे आहे, असेही एक मत मांडले गेले आहे. तसे असेल तर त्या आकृतींचा अर्थही बदलतो. म्हणून डोळ्यांना दिसते ते एका टॅगमध्ये आणि आपण लावलेला अर्थ दुसऱ्यात, असे वेगळे ठेवावे. ‘स्थूल देह’ दिसतो. ‘राक्षसी’ हा अर्थ आहे. ही फारकत केली नाही, तर जाड बाई आणि राक्षसी या दोन गोष्टी टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या लेखी एकच होतात. त्याची झळ पुढे जिवंत बायकांना बसते. जाडीसाठी ‘स्थूल’ हा शब्द मला पुरेसा वाटतो. ‘बेढब’ नको, आणि कौतुकाच्या आवरणातले ‘गोंडस’ही नको.

पितळखोऱ्याचा यक्ष मला फार जवळचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, ढेरपोट्या, डोक्यावर पसरट पात्र तोललेले आणि चेहऱ्यावर दिलखुलास हसू. हाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मीत लेख आहे : कण्हदास नावाच्या सोनाराने हे घडवले. प्राचीन शिल्पावर कारागिराचे नाव मिळणे किती दुर्मीळ! आणि आपण टॅग देतो ‘बुटका’. त्याऐवजी ‘वामन’ लिहिले तर शोधणाऱ्यापुढे विष्णूचा अवतार उभा राहतो. ‘यक्ष’, ‘ठेंगणी आकृती’, ‘पात्रधारी’, ‘कण्हदास’ असे लिहिले तर मानही राहतो आणि शोधही लागतो. लक्षात घ्या, खुरटलेली उंची 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. ‘बुटका’ हा टॅग दाबणाऱ्याला त्या यक्षाबरोबर आज शाळेत जाणारी तशा उंचीची मुलेही दिसणार आहेत.

विद्वानांच्या हातूनही शब्द निसटतात. पाय फाकवून बसलेल्या, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या देवीवर ह. धी. सांकलियांनी 1960 मध्ये मोलाचा शोधनिबंध लिहिला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘निर्लज्ज स्त्री’ असे शब्द अवतरणात आले. पुढे रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ हे पुस्तक लिहून तिला मातृदेवतांच्या परंपरेत तिची जागा दिली. टॅगमध्ये ‘लज्जागौरी’ आणि ‘मातृदेवता’ असावे. सांकलियांचे शब्द त्यांच्या निबंधाच्या नोंदीतच राहू द्यावेत, देवीच्या अंगावर नकोत.

जुने शब्द पुसून टाकायचे का? नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2015 मध्ये अवमानकारक शीर्षके बदलायला घेतली. सिमोन मारिसने रंगवलेल्या पंखाधारी तरुणीच्या शीर्षकातला वर्णवाचक शब्द गेला आणि आता ती ‘इसाबेला’ या नावाने ओळखली जाते. गेटी संस्थेच्या कलाकोशात एका संकल्पनेखाली एक पसंतीची संज्ञा आणि तिच्या जोडीला पर्यायी शब्द नोंदवतात. जुना शब्द टाइप करणारा माणूसही त्यामुळे योग्य पानावर पोहोचतो, पण पानावर दिसतो तो चांगला शब्द. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली घडवली आहे; अशा नोंदींसाठी मराठी संज्ञांची यादी आपल्याच जिल्ह्यात तयार व्हायला काय हरकत आहे?

जिवंत माणसाच्या चित्राचे मात्र सगळे वेगळे. तिथे आपण शब्द निवडायचाच नाही, विचारायचा. कोणी स्वतःला तृतीयपंथी म्हणवते, कोणी पारलिंगी. ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द काहींना आपला वाटतो, काहींना ‘अपंग’ असे सरळ म्हणणेच पटते. चित्राच्या विषयाशी संबंध नसेल तर शरीराचा टॅग देऊच नये : कुबडी शेजारी ठेवून सतार वाजवणाऱ्या मुलीच्या चित्राला आधी ‘सतार’ लागतो. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या अंध रसिकासाठी वर्णनात कुबडी जरूर यावी, कारण डोळस माणसाला ती दिसतेच. आणि त्या मुलीने पुढे कधी सांगितले, की हा शब्द काढा, तर कारण न विचारता तो काढता येईल, अशी सोय संकेतस्थळावर पहिल्या दिवसापासून हवी.